कागदाचं पाऊल

बाई समोरचा माणूस बघायला सुरुवात करायच्या ती पायांपासून. पाय बघून झाले, पायांत काय घातलंय ते बघून झालं, की मग सवडीनं चेहऱ्याकडं यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, आपलं काहीतरी खाली पडलंय. तोही खाली बघायला लागायचा. मग दोघं मिळून त्याच्या चपलांकडं बघत उभे.

मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले ती एकवीस वर्षांची. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नेमणूक झाल्याचा कागद, आणि पायांत तळेगावच्या बाजारातून खास नोकरीसाठी घेतलेल्या टोकदार, उंच टाचेच्या सँडल. बाईंनी कागद वाचलाच नाही. सँडलकडं बघून विचारलं, "ह्यात अर्धाच पाय मावलाय. उरलेला कुठं ठेवलास?"

मला इतका राग आला, की मी उत्तरादाखल आणखी ताठ उभी राहिले आणि उंबऱ्यावर तोल जाऊन त्यांच्याच अंगावर पडले. अशी आमची ओळख.

सोमाटण्याहून आत, पवनेच्या अंगाला एक गाव होतं. तिथल्या उपकेंद्रात बाई थोरल्या नर्स, मी धाकटी. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक मला राहायला मिळाली. म्हणजे दिवसा त्या माझ्या वरिष्ठ आणि संध्याकाळी घरमालकीण. सुटका कुठूनच नाही. बाई मूळच्या देहूरोडच्या. वडील लष्कराच्या डेपोत कामाला, त्यामुळं बालपण परेडचे हुकूम ऐकत गेलेलं. त्या बौद्ध, आम्ही भातशेतीवाले मराठे. घरून निघताना आईनं मला पाण्याचा तांब्या वेगळा बांधून दिला होता, आणि मी अक्कलशून्य तो मिरवत घेऊनही आले होते. बाईंनी तांब्या बघितला आणि आपला माठ कुठं आहे ते दाखवलं. आठवडाभरात मी त्यांच्या माठातलं पाणी पिऊ लागले, त्यांच्या ताटातली सुकटीची चटणी पळवू लागले, आणि तांब्या मोगऱ्याला पाणी घालायच्या कामी लागला. तिथं तो शोभलाही.

बाईंचा वेश ठरलेला. पांढरी सुती साडी, घोट्याच्या वर चार बोटं, चापूनचोपून नेसलेली; आणि तिच्याखाली पांढरे, कॅनव्हासचे, लेसचे बुटके बूट. जवान पीटीला घालतात तसले. त्या काळात बाईमाणसानं साडीवर बूट घालणं म्हणजे बघ्यांना आमंत्रणच. पोरं मागं लागायची, पारावरची म्हातारी मंडळी तंबाखू मळता मळता थांबायची. बाई म्हणायच्या, "बघू द्या. बघितल्यानं बूट झिजत न्हाई." रविवारी त्या ओल्या खडूनं बूट पांढरे करून कुंपणाच्या खुंटांवर वाळत घालायच्या. शाळेतले गुरुजी बाई दिसल्या की खडूची पेटी कपाटात ठेवून कुलूप लावायचे.

आणि मी? मी त्यांच्यामागं दहा पावलं अंतर ठेवून चालायची. लोकांना वाटावं, ह्या बाई वेगळ्या, मी वेगळी. लोकांना वाटायचं, हिला चालता येत नाही. लोकांचंच बरोबर होतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते यंदाच्या श्रावणात. मी आता बहात्तर वर्षांची आहे. वलवणला, धरणाजवळ, माझं तीन खोल्यांचं घर आहे. यजमान गेल्यापासून मी तिथं एकटी राहते आणि रोज सकाळी धरणाच्या रस्त्यानं चालून येते. यंदा दारातल्या ओल्या पायरीवर, गुळगुळीत झालेल्या चपलेनं घसरले. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण दुपारपर्यंत मुलगा वाकडहून गाडी घेऊन हजर.

"आई, बास झालं. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडं चल."

त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. खाली उतरायचं तर लिफ्टची वाट बघा, आणि उतरल्यावर जायचं कुठं, तर पार्किंगमध्ये.

"चप्पल घसरली. मी नाही," मी म्हणाले.

"चप्पल तुझ्याच पायात होती ना?"

पोरगा माझाच आहे. तेव्हा मी सौदा केला. "मी बूट घेते. चांगले, लेसचे. येत्या रविवारी तुझ्याबरोबर भाज्याच्या लेण्यांच्या सगळ्या पायऱ्या चढून आणि उतरून दाखवते. एकदा जरी घसरले, तरी स्वतः कुलूप लावून किल्ली तुझ्या हातात देईन."

"आणि नाही घसरलीस तर?"

"तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. गौरी-गणपतीतसुद्धा नाही."

तो हसला. त्याला वाटलं, श्रावणातल्या शेवाळलेल्या पायऱ्या आहेत, किल्ली मिळालीच. बहात्तराव्या वर्षी एक बूट निवडायचा आणि त्यावर राहतं घर टिकवायचं. अशा वेळी बाईंशिवाय मला दुसरं कोण आठवणार?

बुटाबद्दल बाईंची मतं पक्की होती आणि ती ऐकल्याशिवाय त्यांच्या घरात चहा मिळत नसे. बूट घ्यायचा तो चारनंतर. दिवसभर चालून पाय फुगतो, सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी वैरी होतो. घोटा झाकणारा बूट नको. बांधावरून चालताना घोट्याला इकडंतिकडं वळावं लागतं, त्याला कोंडायचं कशाला? हातात घेऊन वाकवून बघायचा. बोटं वाकतात तिथं वाकला तर पुढं बोलायचं, मधोमध मोडला तर नमस्कार करून परत ठेवायचा. आणि रंग पांढरा. "पांढऱ्यावर कुठलं बी लुगडं चालतंय. रंगीत घेतला की आधी बूट बघायचा, मग त्याला साडी हुडकायची. येवढा येळ कुणाला हाय?"

पण सगळ्यांत वरचा कायदा म्हणजे कागदाचं पाऊल. बाई माणसाला जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभं करायच्या आणि पायाभोवती पेन्सिल फिरवायच्या. मग ते पाऊल कापून घ्यायचं आणि दुकानात बुटाच्या आत सरकवायचं. कागद सपाट पसरला तर बूट आपला. कडा वर आल्या, सुरकुती पडली, तर नाही. "पाय लाजतंय, तोंड खोटं बोलतंय. कागद बिचारा पडेल तसा पडतोय." पेन्सिल फिरत असताना माणूस नकळत बोटं आत ओढून घेतं. बाई पेन्सिलीनं अंगठ्यावर टकटक करायच्या: "बोटं सोड." सरपंच असो नाहीतर सरपंचाची सासू, "बोटं सोड."

चपलांवरून माणूस ओळखण्याचा त्यांचा दावा मी माझ्या लग्नापुरता तरी खरा मानते. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी आत पोहे परतत होते आणि बाई बाहेर ओट्यावर. पाहुण्यांच्या चपला बाहेर रांगेत होत्या. बाईंनी मुलाची चप्पल उचलली, उलटी केली, उजेडात धरून तळ बघितला, मग दुसरी. मुलाचे काका दारातून हे बघत होते. त्यांना वाटलं, बाई चप्पल पळवतात की काय. बाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. सरळ चालतोय. हो म्हण." मी हो म्हटलं. पस्तीस वर्षं सरळ चालला माणूस. घोरायचा, पण ते चपलेवरून कसं कळणार?

आता माझ्या पराक्रमाकडं येते. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात ठाकरवाडीचा फेरा माझ्याकडं आला. वाडी डोंगरावर, लसीची पेटी खांद्याला, आधी भाताचे बांध आणि मग दोन तास खडकातून चढ. सँडलनी पहिल्याच बांधावर मान टाकली. एक टाच चिखलात राहिली ती बहुधा अजून तिथंच आहे. बाई म्हणाल्या, "शनिवारी मी देहूरोडला चाललेय. कॅम्पातनं तुला बूट आणते. कागदावर उभी राहा."

उभी राहिले. बोटं आत ओढली. टकटक. "बोटं सोड." सोडली. बाईंनी दोन्ही पावलं काढली आणि कात्री माझ्याकडं देऊन म्हणाल्या, "सकाळपातुर कापून ठेव."

खोलीत नेऊन कागद बघते तर ते पाऊल! लहानपणापासून अनवाणी खाचरात उभं राहून भात लावलेलं. चांगलं ऐसपैस पसरलेलं, पाची बोटांच्या पाच दिशा. त्यावर दोन माणसं जेवायला बसली असती. मी त्या वेळी मासिकांतल्या कथा फार वाचायची, आणि त्यांतल्या नायिकांची पावलं हातात मावतील एवढी असायची. मी कात्री घेतली. समोरून अर्धा इंच, दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच, अंगठ्याला जरा गोलाई. फार देखणं पाऊल झालं. माझं नव्हतं, एवढाच काय तो दोष.

सकाळी बाईंनी कागद हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि गुपचूप पिशवीत ठेवला. संध्याकाळी पाच नंबरचे पांढरेशुभ्र बूट आले.

"बघ घालून."

घातले, म्हणजे कोंबले. आत बोटं एकमेकींच्या अंगावर चढून बसली.

"कसा हाय?"

"अगदी मापात!"

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी उपकेंद्रातला बराच कापूस माझ्या टाचांवर खर्च केला. ठाकरवाडीला जाताना गाव नजरेआड झालं की बूट काढून हातात, वाडी दिसायला लागली की पुन्हा पायात. तिसऱ्या फेरीला मी खडकावर बसून बूट कोंबत असताना मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी समोर थांबली. बराच वेळ बघून म्हणाली, "नर्सबाई, बूट लय जपता तुमी. पाय काय सरकारनं दिल्यात व्हय?"

त्या दिवशी घरी आले ती लंगडत. करंगळीचं कातडं गेलं होतं. बाई दारात खडू भिजवत बसल्या होत्या. मी पायरीवर बसले आणि हुंदके देत सगळं ओकून टाकलं. कात्री, अर्धा इंच, मासिकांतल्या नायिका, सगळं.

बाई उठल्या. ट्रंक उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. आत सात नंबरचे बूट.

"हे कधी आणलेत?"

"त्याच शनिवारी. त्याच दुकानातनं."

"तुम्हाला कसं कळलं पण?"

"रोज सकाळी मोरीतनं वल्या पायानं बाहेर येतीस. फरशीवर सही करून जातीस. तुझी सही मला पाठ हाय."

"मग तेव्हाच का नाही दिलेत? दोन आठवडे मी—"

"तोंडानं पाच मागितलास, तो दिला. पायानं सात मागितला, तो बी आणला. पाय कधी बोलतोय त्याची वाट बघत हुते."

सात नंबर पायात गेला आणि माझी बोटं कित्येक दिवसांनी एकमेकींपासून सुटी झाली. पाच नंबरचे बूट ठाकरवाडीतल्या एका मुलीला नेमके बसले. बाईंनी बहुधा तिचीही सही आधीच बघून ठेवली होती. त्या दिवसापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी चालायला लागलो. गावानं मलाही नाव ठेवलं, "धाकटी बूटवाली". मला ते माझ्या पाळण्यातल्या नावापेक्षा आवडलं.

बाईंना शेवटची भेटले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. देहूरोडच्या घरी खाटेवर बसल्या होत्या. मी दारात चपला काढून फरशीवरून आत गेले, तोंड उघडायच्या आधीच बाई म्हणाल्या, "सात नंबर आला. बस."

तर परवा शुक्रवारी, चार वाजून गेल्यावर, मी लोणावळ्याच्या बाजारात निघाले. पिशवीत कागदाचं पाऊल आणि बरोबर नात. ती कॉलेजात आहे, सुट्टीला माझ्याकडं आली होती. दुकानातल्या मुलीनं मला खुर्ची दिली आणि न विचारता मरून रंगाच्या, जाडजूड, पट्टी चिकटवायच्या बुटांचे दोन डबे उघडले.

"आजी, तुमच्या वयाचे लोक हेच नेतात. एकदम मऊ आहेत."

मी एक हातात घेऊन वाकवला. मधोमध मोडला. नमस्कार करून परत दिला. "मला साधे पांढरे दाखव. लेसचे, चपट्या तळाचे, बुटके. घोटा मोकळा राहील असे. रोज घालायचेत."

"लो-टॉप स्निकर म्हणतात त्याला, आजी," नात म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडा आदर होता. तो फार टिकला नाही, कारण मी पिशवीतून वर्तमानपत्राचं पाऊल काढलं.

"आजी, प्लीज. सगळे बघतायत."

"बघू दे. बघितल्यानं बूट झिजत नाही."

मी कागद पहिल्या बुटात सरकवला. कडा वर आल्या. दुसऱ्यात सुरकुती. तिसरा सगळ्यांत देखणा होता, मागं हिरवी पट्टी, दुकानातली मुलगी म्हणाली की हाच सध्या चालतो. कागद आत जाऊन गुंडाळी होऊन बसला. मला क्षणभर वाटलं, कडेनं जरासं कापावं का? खरं सांगते, वाटलं. बहात्तर वर्षं झाली तरी ती एकवीस वर्षांची बया गेलेली नाही.

पाच जोड झाले. दुकानातली मुलगी दमली, नात दाराशी जाऊन चिक्कीच्या दुकानाकडं बघायला लागली. रविवार परवावर आला होता आणि मला वाकडची लिफ्ट दिसायला लागली होती. तेवढ्यात पलीकडच्या फळीवर तसाच पांढरा बूट दिसला, पुढून जरा ऐसपैस.

"तो दे."

"आजी, ते जेन्ट्समधलं आहे."

"माझ्या पायाला कुठं मिशा आहेत का बघ. दे तो."

कागद आत गेला आणि सपाट पसरला. मी बूट घातले, लेस बांधली. समोर अंगठाभर जागा, टाच उचलत नाही. गालिच्यावरून उतरून उघड्या फरशीवर चालले, दुकानाच्या तीन पायऱ्या उतरले, चढले, पुन्हा उतरले. रस्त्यावरचे दोन पर्यटक थांबून बघायला लागले. नात म्हणाली, "आजी, तू भारी दिसतेस." मग दुकानातल्या मुलीनं हळूच विचारलं, "आजी, तो कागद कसा करायचा?" मी तिला तिथंच उभी केली. बोटं आत ओढलीच तिनं.

रविवारी भाजे. वरून भुरभुर, पायऱ्या काळ्याभोर. माझी हिरवी नऊवारी, खाली पांढरे बूट. मुलानं नवे काळे बूट घातले होते, पुढून तलवारीसारखे निमुळते. सुरुवातीला तो माझा दंड धरून चालला. निम्म्या वाटेवर माझ्या बरोबरीनं. त्यानंतर मी वळून बघितलं तर तो दहा पावलं मागं.

"काय रे, लाज वाटते का माझ्याबरोबर चालायची?"

"नाही गं. तू हो पुढं."

वर लेण्यांपाशी जाऊन बसले. बाई सुट्टीच्या दिवशी इथं यायच्या आणि मला सक्तीनं आणायच्या. मी सँडलचं निमित्त सांगून खालीच थांबायला बघायची. मी त्या थंड दगडावर हात टेकले आणि मनातल्या मनात त्यांना बूट दाखवले.

पण सौदा उतरण्याचाही होता. चढ कुणालाही जमतो. उतरताना एका वळणावर पायरी हिरवी होती, वरून पाणी वाहत होतं. मी पाय टाकला आणि तळ जरासा सरकल्यासारखा वाटला. किल्ली, कुलूप, अकरावा मजला, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर. अंग आखडलं. बोटं आत ओढली गेली. आणि अंगठ्यावर पेन्सिल वाजल्यासारखं झालं. मी बोटं सोडली. पाय पसरला, रबर पायरीला धरून बसलं, मी उभी.

मागून "आई गं!" असा आवाज आला. मुलाचे दोन्ही पाय एकदम पुढं गेले होते. मी डाव्या हातानं कठडा पकडला आणि उजव्यानं त्याची कॉलर. घसरला तो, धरला मी. मुरगळलेल्या हातानं.

तो पायरीवर बसला, बूट काढला. करंगळी लालबुंद झाली होती.

"आई," तो म्हणाला, "वलवणचा विषय संपला. पण हे कुणाला सांगू नकोस."

"मी? छे!" मी म्हणाले.

घरी आल्यावर त्याला चहा दिला, करंगळीला मलम लावलं आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.

"उभा राहा. वजन टाक."

"आई, काय हे?"

"बोटं सोड."

सोडली. मी पेन्सिल फिरवली. तो बाजूला झाला, कंबरेवर हात ठेवून कागदाकडं बघत राहिला. माझंच पाऊल, फक्त आणखी मोठं. आजोबांच्या खाचरातून थेट वाकडला आलेलं.

"एवढा कुठाय माझा पाय?" तो म्हणाला. "तू पेन्सिल तिरकी धरलीस. दे इकडं, मी कापतो नीट."

मी त्याच्याआधी कात्री उचलली आणि कमरेला खोचली.